मुलांच्या मनाची ऑनलाइन काळजी, घराला सोबत घेऊन

मनाचे आजार मोठ्या माणसांना होतात, मुलांचे फक्त ‘मूड’ असतात, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. अभ्यास वेगळंच सांगतो. १९२ संशोधनं आणि सात लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असं दिसलं, की मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये आजाराची सुरुवात चौदाव्या वर्षाच्या आत झालेली असते आणि जवळजवळ निम्म्यांमध्ये अठराव्या वर्षाच्या आत. म्हणजे ज्या वर्षांत आपण मुलांच्या मार्कांवर आणि क्लासच्या फीवर रात्रंदिवस बोलतो, त्याच वर्षांत नैराश्य आणि चिंताविकार मूळ धरत असतात. भारतात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं आढळलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. या आकड्यांमागे प्रत्येक वेळी एक घर आहे. मुलाचं काहीतरी बिनसलंय हे त्या घराला बहुधा जाणवलेलं असतं, पण जायचं कुठे आणि विचारायचं कोणाला, हे ठाऊक नसतं.

ठाऊक असलं तरी वाट सोपी नाही. देशात लाख लोकसंख्येमागे जेमतेम ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत. किमान तीन तरी असावेत असं मानलं जातं. त्यातही लहान मुलांचे आणि किशोरांचे मानसोपचारतज्ज्ञ अगदी मोजके, आणि तेही बहुतेक मोठ्या शहरांत. तालुक्याच्या गावातल्या कुटुंबाला एका भेटीसाठी एक दिवसाची मजुरी किंवा रजा, एसटीचा खर्च, मुलाची बुडालेली शाळा आणि परतल्यावर ‘कुठे गेला होतात?’ या शेजारच्या प्रश्नाचं उत्तर, एवढं सगळं जमवावं लागतं. एका भेटीत काम भागत नाही. समुपदेशनाला आठ-दहा भेटी सहज लागतात. त्यामुळे अनेक घरं पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीनंतर थांबतात. फोनवरून, व्हिडिओ कॉलवरून किंवा लेखी संवादातून मिळणारी मानसिक आरोग्यसेवा हे अंतर मिटवते, हा तिचा पहिला आणि उघड फायदा. माझं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे. गाव ते शहर या अंतरापेक्षाही मोठं अंतर दवाखाना आणि घर यांच्यात असतं. किशोरवयीन मुलाचा त्रास घरात वाढतो, घरातच लपतो आणि बरा व्हायचा असेल तर घरातच बरा व्हावा लागतो. ऑनलाइन सेवा थेट घरात पोहोचते, हे तिचं खरं बळ. पालकांना बाजूला ठेवून मुलाच्या हातात एक ॲप दिलं, तर हे बळ वाया जातं.

आधी मूळ प्रश्न: पडद्यावरून केलेला उपचार खरोखर लागू पडतो का? चिंता आणि सौम्य-मध्यम नैराश्य यांच्या बाबतीत याचं उत्तर बऱ्याच खात्रीनं ‘हो’ असं देता येतं. ऑस्ट्रेलियात १२ ते १८ वर्षांच्या चिंताविकार असलेल्या ११५ मुलांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही मुलांना दवाखान्यात, तर काहींना इंटरनेटवरून एकच विचार-वर्तन उपचारपद्धती दिली गेली. दोन्ही गटांत सारखीच सुधारणा झाली आणि ती वर्षभरानंतरही टिकून होती. या कार्यक्रमात पालकांसाठी स्वतंत्र सत्रं होती, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी. न्यूझीलंडमध्ये ‘स्पार्क्स’ नावाचा संगणकावरचा खेळ नैराश्याची लक्षणं असलेल्या १८७ मुलांवर पारखला गेला. खेळातल्या सात टप्प्यांत मुलं नकारात्मक विचार ओळखायला आणि अडचणी सोडवायला शिकत होती. २०१२ साली आलेल्या निष्कर्षांनुसार हा खेळ नेहमीच्या समुपदेशनापेक्षा कमी ठरला नाही. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. तिथल्या ‘संगथ’ संस्थेनं ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ हा स्मार्टफोनवरचा खेळ तयार केला. अडचण नेमकी काय, पर्याय कोणते, आणि मग कृती, अशी तीन पायऱ्यांची पद्धत मुलं त्यात गोष्टींतून शिकतात. गोव्यातल्या माध्यमिक शाळांत तो वापरून पाहताना एक प्रशिक्षित समुपदेशक मुलांच्या सोबत होता. हा समुपदेशक मानसशास्त्राचा पदवीधर असलाच पाहिजे असं नव्हतं. नीट प्रशिक्षण आणि वरून देखरेख असली की अशी माणसंही हे काम करू शकतात.

सोबतीला माणूस असणं हा इथला कळीचा मुद्दा. कुणाच्याही मदतीविना वापरायच्या मानसिक आरोग्याच्या ९३ ॲपचा प्रत्यक्ष वापर २०१९ साली एका अभ्यासात मोजला गेला. पंधरा दिवसांनी ॲप उघडणाऱ्यांचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलेलं होतं. उत्साहानं ॲप घेतलं, दोन-चार दिवस मनःस्थितीच्या नोंदी केल्या आणि विसरून गेलो, असंच बहुतेकांचं होतं. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणंच जड जातंय, अशा पंधरा वर्षांच्या मुलाकडून स्वतःच्या शिस्तीनं रोज ॲप वापरण्याची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी कुणीतरी वाट पाहतंय, मागच्या वेळी ठरवलेलं जमलं का हे विचारणार आहे, ही जाणीव मुलाला उपचारात टिकवून धरते. आठवड्यातून पाऊण तास समुपदेशक ही जबाबदारी घेतो. उरलेले सगळे तास घरातल्या माणसांचे असतात.

घरातल्या माणसांचं महत्त्व फक्त धीर देण्यापुरतं नाही. चिंताविकारात पालकांचं वागणं आजाराच्या यंत्रणेचाच भाग बनतं, आणि तेही प्रेमापोटी. समजा, नववीतल्या मुलीला परीक्षेच्या दिवशी पोटात कळा येतात, हात थरथरतात. आई शाळेत फोन करून सांगते, ताप आहे. मुलीला त्या क्षणी हायसं वाटतं, आईलाही. पण मुलीचा मेंदू यातून एवढंच शिकतो, की परीक्षा खरंच धोक्याची होती आणि टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती चाचणी परीक्षेपर्यंत येते, मग तोंडी परीक्षेपर्यंत, आणि शेवटी शाळेच्या फाटकापर्यंत. दुसऱ्या घरात वडील अशाच मुलीला ‘नाटकं बंद कर’ म्हणून ओढत शाळेत नेतात. तिथे भीतीच्या जोडीला अपमान येतो. या दोन्ही वागण्यांच्या मधली वाट शिकवता येते. ‘तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय, आणि तू ती सहन करू शकतेस असा माझा विश्वास आहे’ असं सांगून सुटका करण्याची सवय पायरीपायरीनं कमी करायची, ही ती वाट. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी यावर बेतलेला बारा सत्रांचा कार्यक्रम तयार केला. त्यात मुलाला बोलावतच नाहीत, फक्त पालकांबरोबर काम करतात. ७ ते १४ वयाच्या १२४ मुलांच्या अभ्यासात या पद्धतीनं मुलांची चिंता थेट मुलावर केलेल्या उपचाराइतकीच कमी झाली. मुलगा समुपदेशकाकडे यायला तयारच नसेल, तरी पालक सुरुवात करू शकतात, हा याचा फार मोठा अर्थ आहे.

आता हीच गोष्ट आपल्या घरांच्या वेळापत्रकात बसवून पाहा. वडील नोकरीसाठी दुसऱ्या गावी किंवा आखातात, आई दिवसभर कामावर, आजी-आजोबांच्या हाती घर. दवाखान्यात या सगळ्यांना एका खोलीत आणणं जवळजवळ अशक्य. रात्री साडेआठच्या व्हिडिओ कॉलवर वडील तिकडून आणि आई-मुलगा इकडून सहज बोलू शकतात. आणि चांगला समुपदेशक पहिल्याच कॉलमध्ये काय करतो, हे पाहिलं की घराचा सहभाग म्हणजे काय हे नीट कळतं. तो आधी विचारतो: तू आत्ता कुठे आहेस, खोलीत आणखी कुणी आहे का, इअरफोन लावलेत का. पूर्ण पत्ता आणि जवळच्या एका मोठ्या माणसाचा नंबर लिहून घेतो, कारण संकटाच्या क्षणी मदत नेमकी कुठे पाठवायची हे माहीत हवं. कॉल तुटला तर कोण कुणाला लावणार, हे ठरवतो. कुणी अचानक खोलीत आलं तर मुलानं कोणता साधा शब्द उच्चारायचा, म्हणजे विषय बदलता येईल, हेही ठरवून ठेवतो. मग पंधरा-वीस मिनिटं पालकांशी, उरलेला वेळ मुलाशी एकट्यानं. शेवटी सगळ्यांसमोर गुप्ततेचा नियम सांगतो: मुलानं सांगितलेलं मुलाजवळच राहील, मात्र त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर पालकांना कळवावं लागेल. लैंगिक अत्याचाराची बाब पुढे आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, हेही तो लपवत नाही. नियम आधीच माहीत असले की मुलगा फसवला गेल्याची भावना मनात ठेवत नाही.

यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा: घरच जर दुखण्याचं मूळ असेल, तर घरात बसून बोलायचं कसं? दोन खोल्यांच्या घरात पातळ भिंतीपलीकडे काका, भावंडं, टीव्ही. मुलींची स्थिती आणखी बिकट. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटाच्या ‘असर’ या २०२३ सालच्या शैक्षणिक पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. वडिलांच्या किंवा भावाच्या फोनवरून स्वतःच्या मनातलं बोलणं कुठल्याच मुलीला सोपं नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यावर उत्तरही आहे. पालकांचा सहभाग आणि पालकांचं नियंत्रण या वेगळ्या गोष्टी आहेत. मारहाण, अत्याचार किंवा लग्नाची सक्ती असेल, तिथे मुलाला घराबाहेरची जागा मिळालीच पाहिजे: शाळेतली बंद दाराची खोली, शाळेच्या फोनवरून लावता येणारा १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक, आवाज न काढता लिहून बोलण्याची सोय. कायदाही हे ओळखतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात अल्पवयीनांच्या बाबतीत पालक हेच नामनिर्देशित प्रतिनिधी मानले आहेत. पण ते मुलाच्या हिताचं वागत नसतील, तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ दुसरी योग्य व्यक्ती नेमू शकतं. बहुसंख्य घरं मात्र क्रूर नसतात. ती गोंधळलेली, घाबरलेली आणि थकलेली असतात. अशा घरांना वगळण्यात मुलाचं भलं नाही.

दुसरा आक्षेप पालकांकडून हमखास येतो: फोननंच मुलांची झोप आणि लक्ष गेलं, आता उपचारही फोनवरच? या चिंतेत तथ्य आहे. रात्री दोनपर्यंत चालणारं स्क्रोलिंग झोप खातं आणि झोप गेली की नैराश्य बळावतं. पण एका व्यक्तीशी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या हेतूनं केलेलं पाऊण तासाचं संभाषण आणि न संपणारी रील यांना एकाच मापानं मोजता येत नाही. उलट फोनच्या वापराबद्दल घरात सतत भांडण असेल, तर समुपदेशकासमोर घरभराचे नियम ठरवणं अधिक सोपं जातं, आणि ते मोठ्यांनाही लागू करावे लागतात. जेवताना वडिलांच्या हातात फोन असेल, तर मुलाला दिलेला उपदेश टिकणार नाही.

तिसरा आक्षेप तज्ज्ञांचा आहे आणि तो मर्यादा नेमकी दाखवतो. मूल जीव देण्याचा विचार बेत आखण्यापर्यंत घेऊन गेलं असेल, आवाज ऐकू येत असतील, वास्तवाचं भान सुटलं असेल, खाणं बंद होऊन वजन धोकादायक घटलं असेल किंवा व्यसन लागलं असेल, तर व्हिडिओ कॉल पुरेसा नाही. प्रत्यक्ष तपासणी हवीच. २०२० च्या मार्च महिन्यात आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अल्पवयीन रुग्णाचा ऑनलाइन सल्ला ओळख पटलेली मोठी व्यक्ती सोबत असतानाच घेता येतो, आणि काही औषधं अशा सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत. म्हणून चांगल्या ऑनलाइन सेवेची ओळख तिच्या जोडणीवरून करावी: गरज पडली तर ती मुलाला जवळच्या कोणत्या रुग्णालयात, कोणाकडे पाठवणार? केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेत अशी साखळी आहे. २०२२ च्या १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झालेला १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीसह वीस भाषांत बोलता येतं. बंगळुरूची निम्हान्स ही तिची मुख्य संस्था. फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतो. प्रश्न गुंतागुंतीचा असेल तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे किंवा ‘ई-संजीवनी’ या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवरच्या सल्ल्याकडे पोहोचवता येतो. मुलाबद्दल काळजी वाटणारे पालक किंवा शिक्षकही हा क्रमांक लावू शकतात. त्रास मुलालाच होत असला तरी फोन त्यानंच करायला हवा असं नाही.

चौथा आक्षेप विश्वासाचा: मुलाच्या मनातली माहिती नेमकी कोणाच्या हाती जाते? अमेरिकेतल्या ‘बेटरहेल्प’ या मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीनं ग्राहकांची संवेदनशील माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांना दिली, असा आरोप तिथल्या संघीय व्यापार आयोगानं केला आणि २०२३ साली कंपनीनं ७८ लाख डॉलर भरायचं मान्य केलं. किशोरांसाठीची तिची सेवाही त्या तक्रारीत होती. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आणि मुलांवर नजर ठेवून केलेल्या लक्ष्यित जाहिरातींना मनाई, अशा तरतुदी आहेत. कायदा चांगला असला तरी नोंदणी करताना ‘सहमत’ दाबण्याआधी पालकांनीच वाचायला हवं. याच मुद्द्यात बोलणाऱ्या यंत्रांचा प्रश्न येतो. अनेक मुलं आज रात्री-बेरात्री कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटशी मन मोकळं करतात, कारण ते रागावत नाही आणि कधीही उपलब्ध असतं. पण ते मुलाच्या होला हो मिळवत राहू शकतं, धोक्याची खूण ओळखण्यात चुकू शकतं आणि घरी फोन करू शकत नाही. ‘कॅरेक्टर एआय’ या कंपनीला २०२५ च्या अखेरीस १८ वर्षांखालच्यांसाठी मुक्त संभाषण बंद करावं लागलं, यावरून धोक्याची कल्पना यावी. श्वासाचे व्यायाम शिकवायला यंत्र ठीक. उपचाराची जबाबदारी घ्यायला माणूसच हवा.

मग पालकांनी सेवा निवडायची कशी? समोरच्या व्यक्तीची पात्रता विचारावी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, मानसोपचारतज्ज्ञ असेल तर वैद्यकीय परिषदेची नोंदणी दाखवायला कुणाला संकोच वाटायचं कारण नाही. किशोरांबरोबर कामाचा अनुभव, पालकांशी बोलण्याची पद्धत, संकटात काय करणार आणि नोंदी कुठे ठेवणार, हे चार प्रश्न पहिल्या भेटीआधीच विचारावेत. नंतर कॉल चालू असताना दाराशी घुटमळू नये आणि संपल्यावर ‘काय काय सांगितलंस?’ अशी उलटतपासणी करू नये. त्याऐवजी ‘माझ्याकडून काय बदल हवा आहे, हे त्यांच्यासमोर मला सांगशील का?’ असं विचारणारा पालक मुलाला सर्वांत जास्त मदत करतो. आत्महत्येचा विचार आला आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. संशोधन याच्या उलट सांगतं, बोलण्याची वाट मोकळी होते.

घरानं एवढं करायचं, तर व्यवस्थेनंही आपला वाटा उचलला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या जुलैत दिलेल्या निकालात शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं पात्र समुपदेशक नेमावा, टेली-मानसचा क्रमांक ठळकपणे लावावा आणि पालकांनाही जागरूक करावं असं सांगितलं आहे. कोचिंग क्लासही त्यातून सुटलेले नाहीत. हे आदेश कागदावर राहू नयेत, यासाठी पालक-शिक्षक संघांनी पुढच्याच सभेत तीन मागण्या मांडाव्यात: शाळेत बंद दाराची एक खोली आणि एक फोन, मुलांना माहीत असलेला एक समुपदेशक, आणि पालकांसाठी संध्याकाळची ऑनलाइन सत्रं, ज्यांत टाळण्याची सवय कशी मोडायची, धोक्याच्या खुणा कोणत्या, हे मराठीत समजावलं जाईल. यातल्या एकाही गोष्टीला मोठी इमारत लागत नाही की महागडं तंत्रज्ञान. तज्ज्ञांची संख्या वाढायला वर्षं लागतील. आज नववीत असलेली मुलं तोवर शाळेतून बाहेर पडलेली असतील. त्यांच्यासाठी आज हाताशी असलेला मार्ग म्हणजे तज्ज्ञाला फोनवरून घरात आणणं, आणि घरातल्या माणसांनी उपचारात आपला वाटा शिकून घेणं.